आरएक्स १०० : प्लग सारखा काळा आणि ओला होतोय, काय तपासू?

कोयनाकाठ · शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमची यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल वडिलांनी १९९२ साली नवी घेतली. कऱ्हाडची नोकरी आणि पाटणजवळची शेती, दोन्ही त्यांनी तिच्यावरच केली. नंतर सात-आठ वर्षं ती पडवीत उभी होती. वडील गेल्यावर मागच्या दिवाळीत मी बाहेर काढली. बोअर (सिलिंडरची आतली भिंत) चांगला निघाला, फक्त पिस्टनच्या रिंगा बदलल्या. टाकी धुतली, कार्बोरेटर खोलून साफ केला. पहिले तीनेकशे किलोमीटर गाडी सुरेख चालली. मग प्लग मारायला लागली, म्हणजे स्पार्क प्लग खराब होऊन ठिणगीच पडेना.

पन्नास-साठ किलोमीटर झाले की मिसिंग सुरू होतं आणि थोड्या वेळात बंदच पडते. प्लग काढावा तर काळाकुट्ट आणि ओला, बोटाला चिकट तेल लागतं. पुसून, ब्रशने घासून लावला की दुसऱ्या किकला चालू. दोन महिन्यांत चार प्लग झाले. प्लग पाना आता पिशवीत नाही, खिशातच असतो.

आतापर्यंत केलेलं सांगतो. ठिणगीसाठीचे पॉइंट आणि कंडेन्सर नवे, प्लग कॅप नवी, एअर फिल्टर धुतला, पेट्रोल कमी जावं म्हणून कार्बोरेटरच्या निडलची क्लिप एक खाच वर घेतली, टू-टी ऑइल (पेट्रोलबरोबर जळणारं) सीलबंद डब्यातलं. तरी फरक नाही. गॅरेजमध्ये सांगतात, "टू-स्ट्रोक आहे, प्लग मारणारच." मला हे पटत नाही. वडिलांच्या वेळी एक प्लग वर्षभर सहज जायचा, हे मी लहानपणापासून बघितलेलं आहे.

गेल्या रविवारी चिपळूणला गेलो होतो. कोयनानगरपर्यंत ठीक, कुंभार्ली घाट उतरून पोफळीत आलो आणि बंद. प्लग बदलून पुढे गेलो. येताना मात्र घाट चढून थेट कऱ्हाडपर्यंत एकदाही त्रास दिला नाही.

पॉइंटगॅप · शनिवार, रात्री १०.१५

प्लग काळा म्हणजे काय, ते आधी नीट बघा. काळा आणि कोरडा, म्हणजे कापसासारखी काजळी, बोटाने पुसली जाते: पेट्रोल जास्त येतंय किंवा करंट कमजोर आहे. काळा, चकचकीत आणि तेलकट: ऑइल जास्त जळतंय. तुमच्या वर्णनावरून दुसरा प्रकार वाटतो. तसं असेल तर कार्बोरेटरची निडल आणि जेट (पेट्रोलचं छिद्र) यांच्या मागे लागून उपयोग नाही.

प्लग बंद का पडतो, तेही सांगतो. मधल्या इलेक्ट्रोडभोवती पांढऱ्या पोर्सेलिनचं नाक असतं. त्यावर कार्बन बसला की करंटला खाली उतरायला आयती वाट मिळते. ठिणगी उडण्याएवढा दाब साठायच्या आधीच करंट त्या काजळीवरून बॉडीत जातो. म्हणून गॅप स्वच्छ दिसत असला तरी प्लग मेलेला असू शकतो. बाहेरून घासून तात्पुरतं चालतं, पण खोल कडेला कार्बन राहतोच. चार प्लगांपैकी नंतरचे लवकर गेले असतील, तर तेच पुन्हा वापरले होते का ते आठवा.

गॅप ०.६ ते ०.७ मिमी ठेवा. आणि ठिणगी निळी, कडक, टक्-टक् आवाज करणारी हवी. पिवळट, बारीक ठिणगी उघड्यावर दिसते, पण कॉम्प्रेशनखाली ती टिकत नाही.

गंगापूररोड · रविवार, सकाळी ७.०५

माझ्या गाडीलाही हेच होतं. मी एका नंबराने जास्त गरम प्लग टाकला, त्रास संपला. तुम्हीही तेच करा. शहरात हळू चालवताना मूळ प्लग तापतच नाही.

पॉइंटगॅप · रविवार, सकाळी ८.३०

गंगापूररोड, विनंती आहे की हा सल्ला सरसकट देऊ नका.

प्लगला स्वतःची काजळी स्वतः जाळायला नाकावर साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअस लागतात. ८५० च्या वर गेलं की उलटा प्रकार, ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं. गरम प्लगचं नाक लांब, त्यामुळे उष्णता हेडमध्ये जायला वेळ लागतो. बाजारात फिरायला ठीक. पण तीच गाडी सातारा-पुणे हायवेला अर्धा तास पूर्ण थ्रॉटलवर (ॲक्सिलरेटरवर) धरली तर पिस्टनच्या डोक्याला भोक पडू शकतं. माझ्या चुलतभावाच्या गाडीचा असा पिस्टन मी हातात घेऊन बघितलाय. मधोमध वाटाण्याएवढं भोक, कडा वितळलेल्या.

नंबरातही लोक फसतात. एनजीकेला आकडा मोठा तेवढा प्लग थंड, म्हणजे ७ पेक्षा ८ थंड. आजच्या बॉशला बरोबर उलट, आकडा लहान तेवढा थंड. आणि अक्षरं बघा. एनजीकेच्या नंबरातला एच म्हणजे आटे १२.७ मिमी, ई म्हणजे १९ मिमी. एचच्या जागी ई बसवला तर प्लग चेंबरमध्ये उतरून पिस्टनला लागेल.

येझदी_रोडकिंग · रविवार, सकाळी १०.५०

जुन्या माणसाची भर. आमच्या वेळी मायकोचे प्लग असायचे, त्यावर १७५, २२५ असे तीन आकडी नंबर. तिथे आकडा मोठा तेवढा थंड. पुढे पद्धत बदलून छोटे आकडे आले आणि ते उलटे झाले. कपाटातला जुना प्लग आणि दुकानातला नवा प्लग यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका, चुकाल.

माझी येझदी १९८४ ची. तिला ऑइल पंप नाही, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. पूर्वी लिटरला ५० मिली टाकायचो. आता चांगल्या प्रतीचं ऑइल मिळतं, ते कमी टाकून भागतं आणि प्लगही कमी मारते. कोयनाकाठ, तुमच्या गाडीला वेगळ्या टाकीतून टू-टी ऑइल देणारा पंप आहे. तरी कुणी "सेफ्टीसाठी" पेट्रोलच्या टाकीतही ऑइल टाकत नाही ना? उभी राहिलेली गाडी चालू करताना मिस्त्री टाकतात आणि मग ती सवय सुटत नाही. दोन्हीकडून ऑइल आलं की प्लग मरणारच.

माडाखाली · रविवार, दुपारी १.२०

फोंड्याहून लिहितोय. आमच्याकडे पावसाळाभर गाड्या उभ्या राहतात आणि सप्टेंबरात प्रत्येकाची हीच तक्रार असते. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते ओलावा ओढून घेतं. टाकी बराच काळ अर्धी राहिली तर पाणी खाली बसतं. शिवाय जुन्या रबराला इथेनॉल सोसत नाही. चोकच्या प्लंजरला खाली रबराची गोल चकती असते, ती फुगते किंवा तिला खाच पडते. मग चोक बंद असला तरी थोडं पेट्रोल सतत जात राहतं. माझ्या गाडीत हेच निघालं होतं. पण माझा प्लग कोरडा काळा होता, तेलकट नव्हता.

बारातेरा_पाना · रविवार, रात्री ९.१०

वडिलांचं कोल्हापुरात गॅरेज होतं. टू-स्ट्रोकच्याच गाड्या यायच्या. शाळा सुटली की मी त्यांच्या हाताखाली प्लग साफ करायला बसायचे, आणि आता गॅरेज मीच बघते. कोयनाकाठ, तुमचं पहिलं लिखाण दोनदा वाचलं. तुमची खरी माहिती शेवटच्या चार ओळींत आहे आणि त्याकडे कुणाचं लक्ष गेलेलं नाही.

घाट उतरलात आणि बंद पडली. घाट चढलात तेव्हा काही झालं नाही. कार्बोरेटर जास्त पेट्रोल देत असता, तर चढावर निदान जड तरी वाटली असती. ऑइल पंप जास्त देत असता, तर तो थ्रॉटलबरोबर वाढतो, म्हणजे चढावरच जास्त धूर आला असता. तुमचं उलट होतंय. थ्रॉटल बंद असताना ऑइल आत येतंय.

आता इंजिनाच्या आत काय होतं ते बघा. पिस्टन वर गेला की खालच्या क्रँककेसमध्ये (पिस्टनने फिरणारी क्रँक असते ती बंद पेटी) ओढ तयार होते, त्या ओढीनेच कार्बोरेटरमधून मिश्रण आत येतं. उतारावर गिअरमध्ये थ्रॉटल बंद ठेवलात की इंजिन तर फिरतंय, पण कार्बोरेटरची वाट बंद. ओढ प्रचंड वाढते. अशा वेळी क्रँकच्या क्लच बाजूचं ऑइल सील (रबरी कडं) कडक झालेलं असेल, तर ती ओढ शेजारच्या गिअरबॉक्समधलं ऑइल खेचून घेते. ते टू-टी ऑइल नव्हे, जाड गिअर ऑइल. नीट जळत नाही, प्लगवर जाऊन बसतं. गाडी सात-आठ वर्षं उभी होती, सीलची ओठी (क्रँकला टेकणारी रबरी कड) सुकली. पहिले तीनशे किलोमीटर तग धरला, मग घासून गेली.

दोन गोष्टी मोजून बघा, अंदाजाने नको. पहिली, गिअर ऑइल पूर्ण काढा आणि मापाच्या भांड्यात किती निघतं ते लिहून ठेवा. नवं मोजूनच टाका. दुसरी, टू-टी ऑइलची टाकी काठोकाठ भरा, पेट्रोलची टाकीही फुल करा, दोनशे किलोमीटर चालवा, मग दोन्ही पुन्हा काठोकाठ भरायला किती लागतं ते मोजा. त्यातून पंप बरोबर देतो की नाही हे कळेल. आणि एक सांगा, पोफळीत थ्रॉटल उघडल्यावर मागे धूर कसा आला होता?

कोयनाकाठ · रविवार, रात्री ११.३०

ताई, आत्ता नीट आठवलं. उतार संपून सरळ रस्त्याला लागल्यावर थ्रॉटल दिला तेव्हा मागे पांढरा-करडा ढगच आला. मागच्या जीपवाल्याने काच वर केली, ते आरशात दिसलं होतं. मला वाटलं, थंडीमुळे असेल.

टाकीत ऑइल टाकत नाही, फक्त पंपावरच चालते. उद्याच गिअर ऑइल काढतो. दिवाळीत मोजून ६५० मिली टाकलं होतं, तेव्हापासून उघडलेलं नाही. साधारण १४०० किलोमीटर झालेत.

गंगापूररोड · सोमवार, सकाळी ९.००

बारातेरा_पाना, छान समजावलंत. पण मग माझा त्रास गरम प्लगने कसा गेला?

बारातेरा_पाना · सोमवार, दुपारी २.४०

तुमचा प्लग कोरडा काळा असेल तर तुम्ही हळू चालवता म्हणून गेला. तेलकट असेल तर गेलेला नाही, लपलाय. गरम प्लग तेल जास्त वेळ जाळत राहतो, पण तेल येणं थांबत नाही. तुमचंही गिअर ऑइल एकदा मोजा.

कोयनाकाठ · सोमवार, रात्री ८.१५

मोजलं. ६५० टाकलेलं, ४३० निघालं. बाहेर कुठेही गळती नाही, पडवीच्या फरशीवर डाग नाही. २२० मिली ऑइल प्लगवाटेच गेलं म्हणायचं.

पॉइंटगॅप · सोमवार, रात्री ८.४०

आता शंका नको. तरी टू-टी ऑइलचं मापही घ्या. पंपाच्या तोंडाशी एक छोटा चेक व्हॉल्व्ह असतो. तो सैल असेल तर गाडी रात्रभर उभी असताना टाकीतलं ऑइल हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं आणि सकाळी पहिल्या किकला धुराचा लोट आणि ओला प्लग. दोन दोष एकत्र असतील तर सील बदलूनही निम्मा त्रास राहील आणि तुम्ही मिस्त्रीला दोष द्याल.

कोयनाकाठ · पुढचा रविवार, रात्री ९.५०

माप झालं. २०० किलोमीटरला पेट्रोल ४.६ लिटर आणि टू-टी ऑइल ११० मिली. म्हणजे साधारण १:४२. सकाळचा धूरही थोडाच, अर्ध्या मिनिटात जातो. पंप ठीक आहे ना?

बारातेरा_पाना · पुढचा रविवार, रात्री १०.२०

पंप उत्तम आहे, त्याला हात लावू नका. इंजिन उघडाल तेव्हा क्रँकच्या बेअरिंगला खेळ आहे का ते बघायला सांगा. बेअरिंग ढिली असेल तर क्रँक हलते, मग नवं सीलही टिकत नाही. दोन्ही बाजूंची सीलं एकदमच बदला. मॅग्नेटकडचं, म्हणजे दुसऱ्या बाजूचं, सील गेलं तर तिथून ऑइल नाही, हवा आत येते. मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), आणि ते प्लग मारण्यापेक्षा वाईट, कारण तिथे पिस्टन जॅम होतो.

कोयनाकाठ · तीन आठवड्यांनी, शुक्रवार, रात्री ९.००

मंडळी, काम झालं. वडिलांच्या वेळचे मिस्त्री आता फारसं काम घेत नाहीत, पण गाडी ओळखून त्यांनी घेतली. मी शेजारी बसून होतो.

क्रँककेस उघडल्यावर तळाशी चहाच्या अर्ध्या कपाएवढं काळं ऑइल होतं. क्लचकडचं सील त्यांनी माझ्या हातात दिलं. रबर नखासारखं कडक. अंगठ्याने दाबलं तर वाकेना, आणि ओठीच्या आतल्या कडेला गोल फिरलेली चर पडलेली. ओठीला धरून ठेवणारी बारीक स्प्रिंगही सैल. शेजारी नवं सील ठेवलं तर ते बोटाने सहज दुमडत होतं. उजव्या बेअरिंगला खेळ होता, दोन्ही बेअरिंग बदलल्या. नव्या सीलच्या ओठीला ग्रीस लावून, त्याच मापाचा सॉकेट वर ठेवून त्यांनी अगदी हळू ठोकत सरळ बसवलं. म्हणाले, "तिरकं बसलं तर पुन्हा उघडावं लागेल."

पण अजून धूर आहे! कालपासून चाळीस किलोमीटर चालवली, पांढरा धूर कमी झालाय, गेला नाही. काळजी वाटते.

बारातेरा_पाना · शुक्रवार, रात्री ९.२५

घाबरू नका. इतके दिवस आलेलं तेल सायलेन्सरमध्ये साठलंय, ते तापून जळायला शंभरेक किलोमीटर लागतात. सायलेन्सरच्या मागच्या टोकाला नळीचा बोल्ट आहे, तो काढून आतली नळी ओढून बाहेर काढा आणि रॉकेल किंवा डिझेलने धुवा. कॉस्टिक सोड्याचं पाणी वापरणार असाल तर हातमोजे, चष्मा घालून उघड्यावर करा, आणि ॲल्युमिनियमच्या कुठल्याही भागाला ते लागू देऊ नका, खाऊन टाकतं. नळी पुन्हा जागेवर बसवायला विसरू नका. आवाजासाठी काढून ठेवलीत तर मिश्रणाचं गणित बदलतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. तेल येत होतं म्हणून तुम्ही निडलची क्लिप वर घेतली होती. आता तेल थांबलंय, तेव्हा ती क्लिप मूळ खाचेवर आणा. प्लगही मॅन्युअलमधल्या नंबरचाच. मध्ये केलेली तडजोड तशीच राहिली तर आता मिश्रण पातळ पडेल. दुरुस्ती झालेल्या गाड्या नंतर जॅम होतात त्या बहुतेक वेळा अशाच.

येझदी_रोडकिंग · शनिवार, सकाळी ७.३०

क्लिपबद्दल पूर्ण अनुमोदन. मीही एकदा हे विसरलो होतो आणि खंबाटकीच्या चढावर पिस्टन धरला.

माडाखाली · शनिवार, सकाळी ११.००

एक प्रश्न. वाटेत प्लग ओला झाला आणि जवळ दुसरा नसेल तर? आमच्याकडे काही जण प्लग गॅसच्या शेगडीवर लाल करून लावतात.

पॉइंटगॅप · शनिवार, दुपारी १२.१०

तेल जळतं हे खरं, पण पोर्सेलिनला तडा जाऊ शकतो आणि तो तडा दिसत नाही. त्यापेक्षा पेट्रोलने धुवा, पितळी ब्रशने घासा, सुकू द्या. आधी पेट्रोलचा कॉक बंद करा. प्लग काढलेला असताना थ्रॉटल पूर्ण उघडून दहा-पंधरा किक मारा म्हणजे आतलं जास्तीचं पेट्रोल बाहेर येईल. मात्र तेव्हा चावी बंद ठेवा. प्लगच्या भोकातून पेट्रोलचा फवारा येतो आणि शेजारी ठिणगी उडाली तर पेटतं. आणि एक सुटा प्लग कायम सोबत, गॅप आधीच तपासलेला.

कोयनाकाठ · दोन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०.०५

आज पुन्हा चिपळूण. मुद्दाम. कोयनानगरला थांबून चहा घेतला, मग पूर्ण घाट थ्रॉटल बंद ठेवून, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरलो. मधे मधे थोडा थ्रॉटल देत होतो, कारण बंद थ्रॉटलवर पंपाचं ऑइलही कमीच जातं, हे मिस्त्रींनी बजावलं होतं.

पोफळीत गाडी बाजूला घेतली आणि गरम असतानाच प्लग काढला, हाताला फडकं गुंडाळून. कोरडा होता. पोर्सेलिनचा रंग भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा, कडेला थोडीशी काजळी, बस्स. पाचशे सत्तर किलोमीटर झालेत त्याच प्लगवर. वडील असते तर त्यांना आधी तो प्लग दाखवला असता.

घरी येऊन गिअर ऑइलही काढून मोजलं. ६५० पैकी ६४० मिली.

बारातेरा_पाना · रविवार, रात्री १०.३०

दहा मिली भांड्यालाच चिकटलं असेल. आता दर हजार किलोमीटरला एकदा मोजा आणि वहीत लिहून ठेवा. निडलची क्लिप मूळ खाचेवर आणली ना?

कोयनाकाठ · रविवार, रात्री १०.३५

हो ताई, दुसऱ्याच दिवशी आणली.